मॅनसची रिकामी टेप

पिटलॉक्री, स्कॉटलंड
३ जुलै १९९४

चि. सौ. ग्रॅनियास,
कॉन्डीदादाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

हातातली किटली आधी खाली ठेव, मग वाच. आपल्या ग्लेन आर्डॉख बोगद्याच्या आठवणी जपून ठेवायचं ठरलंय! धरणाजवळच्या संग्रहालयातल्या इश्बेलबाई टेपरेकॉर्डर घेऊन जुन्या कामगारांना बोलतं करताहेत. मी दोन तास बोललो. फोडलेला खडक बाहेर आणणाऱ्या गाडीचा मी ड्रायव्हर. आता माझ्या स्वतःच्या तीन बस आहेत, पण अजून मला तेच बोलायला आवडतं.

बाईंना मात्र हवाय बोगद्याच्या टोकाला ड्रिल चालवणारा माणूस, तोही खोदाईचा विक्रम करणाऱ्या टोळीतला. त्या सातांपैकी सहा गेले. उरलाय तुझा नवरा! बाई अकरा तारखेला आयर्लंडला, डॉनेगलमध्ये तुमच्याकडे येतील. महिनाअखेर टेपा बंद, वीस ऑगस्टला प्रदर्शन. मॅनसला दाढी करून बसव.

तुझा,
कॉन्डी

---

अनाग्री, डॉनेगल
१४ जुलै

ती. कॉन्डीदादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या बाई आल्या नि गेल्या. मॅनस मयताला जाताना घालायचा सूट चढवून बसला होता. बाई प्रश्न ओरडून विचारून थकल्या. हा ठार बहिरा, हे तू सांगितलं नव्हतंस वाटतं! मग त्यांनी कागदावर लिहून दिलं. यानं वाचलं, मान डोलावली आणि चाळीस मिनिटं तोंडातून शब्द काढला नाही. नुसते हात हलवत बसला. टेपमध्ये आलं काय, तर खुर्चीची करकर आणि माझी किटली. टेप रिकामी म्हणून त्याचं नाव यादीतून गाळावं लागेल, असं बाई जड मनानं सांगून गेल्या. तेव्हापासून हा शेडमध्ये जाऊन बसतो आणि खोकतो. पुढच्या हिवाळ्याची डॉक्टर खात्री देत नाहीत, छातीत दगडाची धूळ भरलीय.

बाईंसमोर हात हलवताना मधूनमधून स्वतःचा कान ओढून हसत होता. दुखत असेल म्हणून मी रात्री कोमट तेल घातलं, तर माझ्यावरच भडकला.

दादा, चौतीस वर्षं संसार केला, पण बोगद्यातली ती सहा वर्षं यानं मला कधी दाखवली नाहीत. तो असाच निघून गेला तर मी कुणाला विचारू?

तुझी,
ग्रॅनिया

---

पिटलॉक्री
१९ जुलै

चि. ग्रॅनियास,
आशीर्वाद नंतर. आधी ते तेल पूस! अगं वेडे, तो कान म्हणजे मी!

टोकाला सहा ड्रिल एकदम सुरू झाली की कानाशी ओरडलेलंही ऐकू यायचं नाही. सगळा कारभार हातांवर. छत बघ, मागे हो, सुरुंग भरला, चहा आला, सगळं हातांनी. माणसांची नावंसुद्धा हातांचीच, आणि माझे सुपाएवढे कान तुला ठाऊक आहेतच. आम्हाला हे इतकं अंगवळणी पडलेलं की दोन तासांच्या टेपमध्ये मी त्याचा साधा उल्लेख केला नाही. स्वतःला हुशार समजणाऱ्या तुझ्या भावाची ही अक्कल!

मॅनस गप्प नव्हताच, ग्रॅनिया. चाळीस मिनिटं अखंड बोलत होता. यंत्रच चुकीचं होतं. इश्बेलबाईंना फोनवर सांगितलं तर त्या अशा किंचाळल्या की आता मीही बहिरा होतो की काय! शुक्रवारच्या बोटीनं आम्ही व्हिडिओ कॅमेरा घेऊन येतोय. तो हातांनी सांगेल, मी समोर बसून तोंडानं.

धावतपळत,
कॉन्डी

---

अनाग्री
२ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुम्ही गेलात आणि मी अंगणात घसरून घोटा मोडून घेतला. प्रदर्शनाला मॅनस एकटाच येईल, बोटीवर न्यायला ये.

कॅमेऱ्यासमोर तीन तास! छत कोसळलं ते सांगताना तू पाणी प्यायला थांबलास, पण त्याचे हात थांबले नाहीत. तिथल्या एका वेल्डरच्या धाकट्या भावाला ओढून काढायला हा दोनदा आत गेला, आणि हे मला इतक्या वर्षांनी कळतंय! काल मी त्याला हातांनी चहा विचारला. म्हणजे, तसं मला वाटलं. तो पोट धरून हसला. मी म्हणे सुरुंग भरल्याचं सांगितलं होतं.

तुझी,
ग्रॅनिया

---

पिटलॉक्री
२१ ऑगस्ट

चि. ग्रॅनियास,
अनेक आशीर्वाद.

काल तू हवी होतीस! दिवे मालवले आणि पडद्यावर मॅनसचे हात आले, खिडकीएवढे मोठे. इतर टोळ्यांमधले अकरा म्हातारे ड्रिलवाले पहिल्या रांगेत, सगळे बहिरे. पडद्यावर त्यानं छत बघ अशी खूण केली आणि अकराच्या अकरा माना वर झाल्या! मग एकानं हात उचलून पडद्यालाच उत्तर दिलं, मग दुसऱ्यानं. मॅनस उठून त्यांच्यासमोर उभा राहिला आणि सगळे एकदम सुरू झाले. चेष्टा, भांडणं, गेलेल्यांची नावं. एकानं तर मॅनसला जुन्या आळशीपणावरून टोमणा मारला. सभागृहात चिटपाखराचा आवाज नाही, आणि असा कलकलाट मी जन्मात पाहिला नव्हता.

वेल्डरचा तो धाकटा भाऊ, ज्याला यानं ओढून काढलं, तोही आला होता. आता साठीचा, टक्कल पडलेला. तो खुणा विसरून गेला होता. त्यानं नुसते मॅनसचे दोन्ही हात धरून ठेवले, तेव्हा कुठे तुझा नवरा गप्प झाला.

इश्बेलबाईंनी ती पहिली टेप टाकून दिलेली नाही. खुर्चीची करकर, बाह्यांची सळसळ आणि तुझी किटली, सगळं जपून, वर मॅनसचं नाव घालून कपाटात ठेवलंय.

तो मंगळवारच्या बोटीनं परत येतोय, सांगायला पुष्कळ घेऊन. कुबड्या भिंतीला टेकव आणि दारात खुर्ची टाकून बस. हात मोकळे ठेव.

कान ओढून,
तुझा दादा