मान न हलवणारं गिऱ्हाईक

४ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणतात, तुम्ही फार मनाला लावून घेता. मी! घरात मला 'थंडोबा' म्हणतात, आणि आजार म्हणे काळजीचा.

हात थरथरतो हे मात्र खरं. कात्री चालवताना निभतं, वस्तऱ्याला नाही निभत. काल एका गिऱ्हाइकाला साबण लावला, तर त्याने डोळे मिटले. वाटलं, झोपला. नीट पाहिलं तर ओठ हलत होते — नामस्मरण चाललं होतं!

हिला आजाराचं नाव सांगितलं. म्हणाली, "काळजी करायला तुम्हाला वेळ कुठे आहे? ती सगळी माझ्याकडे असते."

७ फेब्रुवारी

मन शांत राहायच्या गोळ्या सुरू. आज एकाचं अर्धं डोकं झालं आणि मला उभ्या उभ्या डुलकी लागली. तो बिचारा आरशातून बघत होता.

१३ फेब्रुवारी

पुन्हा डॉक्टर. गोळी वाढवली.

बाहेर ही थांबली होती. वजन उतरलंय ते सांगितलं का? नाही. दुप्पट जेवता ते? नाही. बसल्या जागी घाम फुटतो ते? तेही नाही. मग आत केलंत काय? म्हटलं, बसलो होतो.

खरंच बसलो होतो. हनुवटी जरा वर, मान ताठ, हात मांडीवर. जन्मभर लोकांना तेच सांगत आलो — मान हलवू नका, बाकी मी बघतो. खुर्ची दिसली की आपोआप चांगलं गिऱ्हाईक होतो. डॉक्टरांना वाटलं असेल, याचं काही म्हणणंच नाही.

१५ फेब्रुवारी

एक गोष्ट हिलाही सांगितलेली नाही.

गेले काही महिने पहाटे देवासमोर बसलो की छाती धडधडते, अंग तापतं, डोळे भरून येतात. गावच्या शाळेत मास्तर सांगायचे, देव ज्याला जवळ घेतो त्याचं अंतःकरण उचंबळून येतं. मी म्हटलं, आला! पन्नाशीच्या तोंडावर का होईना, आपला नंबर लागला. ही काय डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे?

पण काल जिना चढताना तस्संच झालं. आज बूट घालतानाही. बुटात देव कशाला येईल? हा विचार मी ताबडतोब बाजूला सारला.

१८ फेब्रुवारी

दुकानात 'अजून जरासं' आले होते. नाव मीच ठेवलंय. कानाजवळ अजून जरासं, मागे अजून जरासं — जीव खातात. दाढीला वस्तरा गळ्याशी नेला तर त्यांनी हळूच माझं मनगट धरलं. म्हणाले, "दादा, राहू द्या. दाढी मी घरीच करत जाईन."

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर सोसलं असतं. वीस वर्षांचं गिऱ्हाईक! वस्तरा गेला की अर्धा मी गेलो.

केस मात्र नेहमीसारखं छळून कापून घेतले. जाताना मागून पाहिलं. काय डोकं झालं होतं! माझ्या हातून सगळ्यांत चांगलं डोकं त्यांचंच होतं. कारण ते बोलतात.

१९ फेब्रुवारी

आज हिलाही आत नेलं आणि खुर्चीत मुद्दाम वाकडा बसलो. डॉक्टरांनी तीच गोळी लिहिली, पुढच्यासाठी घंटी वाजवली. मी उठलो नाही.

म्हटलं, "डॉक्टरसाहेब, अजून जरासं."

वजन, भूक, घाम, सगळं सांगितलं. ते लिहायचे थांबले. म्हणाले, "छातीत धडधडतं का?"

हो म्हणावं तर पहाट जाते, नाही म्हणावं तर वस्तरा जातो. ही माझ्याकडे बघत होती.

"धडधडतं," मी म्हणालो. "देवासमोर बसलो की. आणि बूट घालतानाही."

ते हसले नाहीत. टेबलाला वळसा घालून आले, माझा गळा चाचपला, गिळायला लावलं. इतक्या फेऱ्यांत आज पहिल्यांदा हात लावला! मग स्वतःशीच म्हणाले, हे आधी बघायला हवं होतं. रक्त तपासायला दिलंय.

घराच्या दारात ही म्हणाली, "मला वाटायचं, पहाटे माझ्यावर चिडून धापा टाकता."

२२ फेब्रुवारी

मन नव्हे, गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी. नको तितकं काम करतेय म्हणे. घरात कुणीतरी करतंय, असं ही म्हणाली. जुन्या गोळ्या बंद, नव्या सुरू. डॉक्टर म्हणाले, चुकलं माझं. म्हटलं, माझंही — मान हलवायची राहिली.

१६ मार्च

'अजून जरासं' यांची दाढी केली. मधेच घोरायला लागले. एवढा मान आजवर कुणी दिला नव्हता.

१७ मार्च

पहाटे देवासमोर बसलो. हात शांत, छाती शांत, डोळे कोरडे. बराच वेळ वाट पाहिली. काही नाही.

शेवटी नमस्कार केला आणि म्हटलं, तू नाही आलास तरी मी येत जाईन.