भिंतीकडे फिरवलेला तारा

अण्णा, रशियन ड्रायव्हरनं तुम्हाला दिलेलं ते पितळी कडं, चहाचा ग्लास बसवायचं, अजून माझ्याकडे आहे. इंग्लंडात, स्लाऊच्या याच घरात, किटलीजवळच्या फळीवर. तुम्ही गेल्यावर आतला ग्लास बदलला, कडं तेच आणि त्यावर उठवलेला रशियन तारा तोच. हल्ली त्या कड्यापायी मला घास गोड लागत नाही. तुमच्या पणतीला, म्हणजे माझ्या नातीला, ब्रिस्टलला लढाऊ विमानांच्या कंपनीत नोकरी लागते आहे. पण आधी तिची चौकशी व्हायची आहे, घरचे कोण, कुठले, कोणाशी संबंध. तिला त्याचं काही वाटत नाही. माझ्या डोळ्यांसमोर मात्र सारखा तो तारा येतो.

जेवताना तुम्ही दुसऱ्या महायुद्धातलं, इराणच्या घाटातलं सांगायचात. बंदरावर लॉऱ्या भरून तुम्ही वर न्यायच्या, तिथून पुढे रशियन ड्रायव्हर न्यायचे. एकदा बर्फात अडकलात, तेव्हा एकानं आपल्या ग्लासातला चहा पाजला आणि कड्यासकट ग्लास तुमच्या हातात ठेवला. तुम्ही त्याला मफलर दिलात. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती.

मग लढाई संपली, तुम्ही इथे कारखान्यात लागलात, आम्हाला बोलावून घेतलंत. एक दिवस मी शाळेतून येऊन म्हणालो, "अण्णा, मास्तर म्हणाले, रशियन आपल्यावर बॉम्ब टाकणार." तुम्ही कधी नव्हे ते ओरडलात, "मास्तरांना विचार, रशियन कधी बघितलाय का त्यांनी?" पण त्याच आठवड्यात तुमच्या कारखान्यातला एक गोरा चहाला आला. कडं उचलून हसत म्हणाला, "काय रे, तू नक्की कोणाच्या बाजूचा?" तुम्हीही हसलात. तो गेल्यावर कडं भिंतीकडे फिरवून ठेवलंत. आई म्हणाली, "अहो, थट्टा करत होता तो." तुम्ही म्हणालात, "आज थट्टा. उद्या कामावर कोण ठेवणार?" त्यानंतर रोज चहा झाला की कडं धुवायचं, पुसायचं आणि अंगठ्यानं तारा फिरवायचा. मी फार शिकलो नाही, पण कालचा दोस्त आज वैरी कसा झाला, हे कोणी शिकलेल्यानंही मला समजावलं नाही. एवढ्या अवधीत त्या ड्रायव्हरनं असं काय केलं होतं? फार तर तुमचा मफलर गळ्यात घालून हिंडला असेल.

आज नात आली होती. तिनं फळीवरून कडं काढलं. "आजोबा, सो क्यूट! असं उलटं का ठेवलंय?" मी सगळं सांगितलं. "हे आपल्या घरात आहे म्हणून तुझी नोकरी गेली तर?"

ती खो खो हसली. "आजोबा, टीकपला कोण अरेस्ट करणार? आणि तेव्हा तर ते आपल्याच साइडला होते ना?"

"होते."

"मग?"

तिनं तारा पुढे करून कडं परत ठेवलं. "आता फिरवायचा नाही हं. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मी म्हणालो.

हे पत्र आता त्या कड्याखालीच घडी करून ठेवतो, दुसरीकडे कुठे धाडणार? एक मात्र सांगतो, अण्णा. ती दारात बूट घालत होती, तेवढ्यात मी तारा भिंतीकडे केला. तुमच्या अंगठ्यानं पितळ झिजलंय ना, नेमका तिथेच माझाही अंगठा बसला.