खाडीवरच्या मावशीचा वाटा

मंगळवार, दिवेलागण. आसनगाव

तिसऱ्यांच्या शिंपल्या मोरीत तशाच पडल्यात. माझ्याच्याने टाकवत नाहीत.

स्टेशनबाहेर खाडीवरची एक मावशी लोकलने येऊन तिसऱ्या विकायला बसते. भराव पडून खाडीत काही उरलं नाही, म्हणून बाकीच्या कोळणी मोठ्या बाजारातून माल उचलतात. ही मात्र अजून ओहोटीला स्वतः चिखलात उतरते. वाटा लावताना दोन-दोन शिंपल्या एकमेकींवर वाजवून ऐकते. जिवंत असली की खणखणीत वाजते. मेलेली कधीकधी मिटलेलीच राहते, आत चिखल भरतो. तसली एक जरी कालवणात गेली तरी सगळा टोप फुकट. पण मावशीचा कान कधी चुकला नाही.

आजही तिने एकेक वाजवली. हसून म्हणाली, "सगल्या जित्या हायत गो."

घरी विळीवर उघडायला घेतल्या. पहिलीत काळा चिखल. पुढचीतही. सगळ्यांत चिखलच. मग ती ऐकत काय होती? की तिला ठाऊक होतं?

शेवटच्या दोन उरल्या, त्या मीच कानाशी धरून वाजवल्या.

आवाज खणखणीत आला.

विळी धुऊन ठेवली. त्या दोन मी उघडणार नाही.