थोरलीचं हसू

सोमवार, ता. ४
सगळ्यांच्या आधी कोण टपकलं असेल? गल्लीतल्या दोघी बहिणींतली धाकटी! माझ्या मुलाने कवळ्यांच्या दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं, तर त्याखालून वाकून आत. कवळी रुमालात गुंडाळलेली. मी खिडकीपाशी बसतच होते, चहा तसाच राहिला.

"हे माझे दात नाहीत!" — अगं बाई, तुझे कसे असतील? तुझे वरचे सगळे डॉक्टरने काढून टाकले ना! ही तिसरी कवळी. पहिली म्हणे फार पांढरी, दुसरी म्हणे घोड्याची, ही म्हणे फार सरळ. सरळ दातांना नावं ठेवणारी मी हीच पाहिली! मुलगा कवळी घासत बसला. त्याची मान लाल झाली की मला बरं वाटतं — अगदी बापावर गेलाय.

मी तिला जवळ बसवलं. गुडघ्यांचं विचारलं, इकडचं तिकडचं विचारलं, आणि घेतलं काढून! हिला थोरल्या बहिणीसारखे दात हवेत. थोरली गेल्या वर्षी गेली. तिचा नवरा एकटा, धाकटी रोज डबा नेते. तो खाली मान घालून जेवतो. "एकदा बघू दे त्यांना माझ्याकडे, आजी." पन्नाशीची बाई, आणि कानापर्यंत लाल!

बुधवार, ता. ६
दिवसभर एकटीच हसतेय. सूनबाई म्हणाली, गोळ्या बदलल्यात का?

शुक्रवार, ता. ८
आणि गंमत ही, की थोरलीच्या कवळ्या आमच्याच हातच्या! वरची, खालची, दोन्ही. साचे अजून फळीवर धूळ खात पडलेत. पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले — तिनेच तसे मागून घेतले होते, मूळचे होते तसे. मुलाला म्हटलं, त्यावरून कर.

"आई, मेलेल्या बाईचे दात जिवंत बाईला लावू?"

तिला हवेत, तुझं काय जातंय? पुटपुटला, पण बसला करायला. माझ्यापुढे त्याचं कधी चाललंय!

मंगळवार, ता. १२
बसवली. धाकटी आरशात हसली — आणि थोरलीच की हो समोर! मी टाळ्या पिटल्या. सूनबाई तरातरा आत गेली. "तुम्हाला काहीच कसं वाटत नाही, आई?" वाटतं ना! सिनेमाला आल्यासारखं वाटतं.

शुक्रवार, ता. १५
धाकटी धापा टाकत सांगायला आली. भाऊजींनी मान वर केली! हातातला घास ताटात पडला. "बघतच राहिले, आजी. शेजारी बस म्हणाले." तेच तीनदा सांगितलं. मला हेवाच वाटला. आमच्या ह्यांचा घास जन्मात कधी सुटला नाही.

सोमवार, ता. १८
दोघं मिळून आली. त्याने तिचा हात घट्ट धरलेला. तिच्या डोळ्यांवर थोरलीचा चष्मा, नंबर कुठला जुळायला — उंबऱ्याला ठेचकाळलीच. मला काही सांगायला लागली, तर तो म्हणाला, "तू बोलू नकोस. नुसती हस." मग मुलाला म्हणाला, "खालचे जुळत नाहीत. तेही डॉक्टरकडून काढून घेऊ."

खालचे तिचे स्वतःचे आहेत. एकही हलत नाही.

मुलाने तिच्याकडे पाहिलं. ती हसली.

गुरुवारी येतो म्हणालेत.