नखरेल डबा

बोथ, मे १९९७, मंगळवार, दिवेलागण

लिही गं नाती, बोलते तसंच लिही, सुधारू नको.

आज सुनेच्या टायपिंगच्या दुकानात लाईट गेली. कॉम्प्युटरात लग्नपत्रिका अर्धी, बंद पडला का सारी पुसणार. नवरीचा बाप बाकावर बसलेला. कॉम्प्युटर बॅटरीच्या डब्यावर चालून राह्यला, अन् बॅटरी संपत आली म्हणून डबा टीं टीं ओरडून राह्यला. माझ्या पोरानं मांडववाल्याचं जनरेटर आणून जोडलं. पंखा फिरला, पण डब्याची टीं टीं चालूच!

"काऊन रे?"

"माय, करंट खालीवर होऊन राह्यला. डबा घेतच नाही."

नवरीपेक्षा याचेच नखरे!

मग त्यानं मांडवाची बल्बची माळही जनरेटरले जोडली. वझं पडलं तसा इंजिनचा आवाज एकसारखा झाला. टीं टीं थांबली. डब्यानं करंट घेतला! वझ्यानं कोणी सुधरते का? पण सुधरलं. पत्रिका पुसता पुसता वाचली. मी डब्याले हातच जोडले.

सून हसली, "आत्याबाई, डब्याले काय पाया पडता?"

म्हटलं, "तुझ्या सासऱ्याच्या घरात मी जन्मभर पुढ्यात आलं ते मुकाट गिळलं. हा डबा मरायले टेकला, तरी चाखल्याबिगर घेतलं नाही. याच्या नाही तं कोणाच्या पडू?"