पेपरात पेनने भरलेलं कोडं

सिडको, नाशिक
११ मार्च २००७

आदरणीय देवरे सर,

अकरा वर्षांपूर्वी वाचनालयाच्या पेपरात रविवारचं शब्दकोडं पेनने भरलं ते मी. नियम ठाऊक होता, चौकट वहीत उतरवून घ्यायची. पण सगळ्या गूढ सूत्रांमागे नद्याच लपल्यात हे आडव्या सातला लक्षात आलं आणि मला भानच राहिलं नाही.

ग्रंथपालांनी सगळ्यांसमोर विचारलं. माझी बारावीची परीक्षा तोंडावर होती आणि घरी दोन खोल्यांत आम्ही सातजण; अभ्यासाला जागा ती वाचनालयाचीच. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "माझ्याकडून झालं."

तुमचं सभासदत्व गेलं. मग दर रविवारी तुम्ही बाहेर पायरीवर बसायचात आणि मी चौकट उतरवून आणून द्यायचे. त्या दिवसाबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. गेल्या महिन्यात तुम्ही गेलात, आणि सांगायचं राहूनच गेलं.

आता ग्रंथपालाच्या खुर्चीत मी बसते. आज कुणीतरी कोडं पेनने भरून ठेवलं होतं. मी कुणालाच विचारलं नाही. कोपऱ्यावरच्या स्टॉलवरून त्याच पेपरची दुसरी प्रत आणून टेबलावर ठेवली.

पहिल्या प्रतीत दोन शब्द राहिले होते. ते मी पेनने भरले.

तुमची,
खिडकीजवळच्या बाकावरची हर्षाली