फुगे फोडणारा पाहुणा

ता. १४, सोमवार

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तूही बरी असशील असं धरून चालतो, कारण तू स्वतःहून काही कळवत नाहीस.

स्टुडिओ उत्तम चालू आहे. तू गेल्यानंतर मी काय काय केलं ते तू पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगतो. मोठ्या खोलीची दोन्ही दारं नवी केली. दोन फळ्यांच्या मध्ये कोरडी वाळू ठासून भरली. दार तिघांना उचलत नाही, पण बिजागऱ्या अशा बसवल्यात की करंगळीने लागतं. जमीन उखडून खाली ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे घातले आणि वर पुन्हा लाकूड बसवलं. खिडकीला दोन काचा, त्यातली आतली जरा तिरकी, म्हणजे गाणाऱ्याचा आवाज काचेवर आपटून त्याच्याच तोंडावर परत येत नाही. भिंतींत भरलेली लोकर मीच पिंजली. मिक्सरच्या टेबलातला एकूण एक जोड मीच सोल्डर केला. माइकचे स्टँड, पाहुण्यांच्या खाटा, बाहेरच्या पायऱ्या, सगळं मीच केलं. मी कुठल्या शाळेत हे शिकलो नाही, तरी एक स्क्रू तिरका दिसला तर सांग. त्यासाठी यावं मात्र लागेल.

आता एक गोष्ट विचारायची आहे. सरळ विचारणार होतो, पण आधी काय घडलं ते ऐक.

मागच्या मंगळवारी एक पाहुणा आला. चाळिशीचा, गोड बोलणारा, बूट दाराबाहेर व्यवस्थित काढून ठेवणारा. आठवड्याचे पैसे आगाऊ दिले. म्हणाला, "तुमच्या स्टुडिओचा इतिहास लिहायचाय." सोबत एकही वाद्य नाही. एक बॅग होती, ती त्याने मला उचलू दिली नाही.

मला तेव्हाच खटकलं. तुझी वहिनी म्हणाली, "तुम्हाला दूधवालासुद्धा हेर वाटतो."

मी त्याला इतिहास सांगितला. हे लोकरीचं गोदाम होतं, गावापासून इतकं लांब की कोणी फुकटही घेईना. आपण दोघांनी ते घेतलं, कारण आवाज नावाची गोष्ट इथे मुळी नव्हती. गाणारे, वाजवणारे इथे येऊन महिना महिना राहायचे, फोन लागत नाही म्हणून खूश असायचे. सगळं सांगितलं, जमिनीखालची जुनी रिकामी टाकी सोडून. मुद्दामच. कारण मी बोलत असताना तो काही लिहीतच नव्हता. टिचक्या वाजवत होता आणि मान तिरकी करून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी तुझी वहिनी खोल्या झाडायला गेली, ती मूठभर लाल रबर घेऊन आली. फुटलेले फुगे. म्हणाली, "एकट्याचाच वाढदिवस साजरा करतोय की काय बिचारा?"

मी मात्र लगेच ओळखलं. तुला काय सांगायचं, तुझा तर आता तोच धंदा. खोलीत फुगा फोडायचा, त्या एका आवाजाला खोली कसं उत्तर देते ते रेकॉर्ड करायचं, आणि मग जगातला कुठलाही आवाज त्या खोलीत गायल्यासारखा कॉम्प्युटरवर करून द्यायचा. म्हणजे खोली जागच्या जागी राहते आणि चोरीलाही जाते. पोलिसांत जाऊन काय सांगू? माझा घुमारा नेला?

मी टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं आणि नेहमीची चटई पुन्हा वर ओढली. शुक्रवारी जेवताना पाहुणा सहज म्हणाला, "चटईखालचं कुलूप नवीन दिसतंय."

टाकी कुठे आहे हे त्याला कोणी सांगितलं? इथे येऊन गाणाऱ्यांनाही ठाऊक नाही. ते वर गातात, त्यांचा आवाज तारेने खाली जातो, टाकीत घुमून परत वर येतो. त्यांना वाटतं ही माझ्या मिक्सरची करामत. मीही कधी खोडून काढलं नाही. झाकण ठाऊक असलेली माणसं तीन. तुझी वहिनी ते सांगणार नाही. मी सांगितलं नाही.

दोन दिवस मी तुझ्यावर मनातल्या मनात इतका चिडलो होतो की काय सांगू. कॉम्प्युटरवरून भांडून गेलीस, ते एक ठीक. पण माणूस पाठवून घरातली वस्तू न्यायची?

काल दुपारी मी गावात जातो म्हणून निघालो आणि मागच्या दाराने परत आलो. पाहुणा झाकणाजवळ उकिडवा बसलेला, हातात न फुगवलेला फुगा.

मी म्हटलं, "फुंकायला मदत करू?"

तो दचकला नाही, याचंच मला जास्त वाटलं. म्हणाला, "कुलूप तोडणार नव्हतो. तुम्हाला विचारायचा धीर गोळा करत होतो."

"इतिहास संपला वाटतं?"

"कंपनीने पाठवलंय. त्यांना घुमारा हवाय. आधी तुमच्या बहिणीकडे गेलो होतो. त्यांच्या पहिल्या गाण्यात तो आहे ना, त्यावरून शोध लावला. त्या म्हणाल्या, चटईखाली टाकी आहे, पण ती दादाची. त्याला विचारा. आणि विचारण्याआधी तो तुम्हाला दारं दाखवेल, तेवढं सहन करा."

तुझी वहिनी स्वयंपाकघरातून इतक्या मोठ्याने हसली की झाकण बंद असूनही टाकीत घुमलं असेल.

मी त्याला पहिल्याच दिवशी तासभर दारं दाखवली होती.

तेव्हा विचारतो. तो खरं बोलला का? तू त्याला माझ्याकडे पाठवलंस, की तो तुझ्या नावावर थाप मारून गेला? बॅग उघडून दाखव म्हटलं तर दाखवली, त्यातल्या रेकॉर्डरमध्ये टाकीचा आवाज नव्हता. तरी माझा विश्वास बसत नाही. तू स्वतः लिही.

आणि "टाकी दादाची" असं खरंच म्हणाली असशील, तर ते बरोबर नाही. मी केलेल्या कामांच्या वरच्या यादीत टाकी नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मी तर ती दगडमातीने भरून टाकणार होतो. राडारोड्याच्या गाड्या दारात उभ्या होत्या. माझा पाना आत पडला म्हणून तू शिडीने उतरलीस, आणि मी वरून घाई करतोय म्हणून खालून ओरडलीस, "दादा, गाढव आहेस!" ते "गाढव" कितीतरी वेळ फिरत राहिलं, गोड होत होत विरलं. मग तू गायलीस. मी गाड्या परत पाठवल्या.

स्टुडिओ उत्तम चालू आहे असं वर लिहिलंय. ते खोडत नाही, पण या वर्षातला पहिला पाहुणा हाच. मिक्सरवर पावसाळ्यात ताडपत्री असते. तुझी वहिनी शिवणकाम घेते, तुला सांगू नका म्हणाली होती.

तो आज सकाळी गेला. जाताना त्याने कंपनीचं म्हणणं सांगितलं. घुमारा त्यांना कायमचा हवा, आणि दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नये म्हणून नंतर टाकी सिमेंटने भरून बंद करायची. खर्च त्यांचा. मी नाही म्हटलं. तुला न विचारता म्हटलं. रक्कम अकरा लाख होती, त्यातले साडेपाच तुझे.

तुझा, अजून तोच गाढव,
दादा